दूध तुटल्यावर स्तनग्रंथी स्वतःला कशी आवरते

बाळाचे अंगावरचे दूध तुटले की काही दिवसांत आईचे दूध आटते, एवढे सर्वांना ठाऊक असते; परंतु दूध आटणे हा त्या घडामोडीचा केवळ बाहेरून दिसणारा भाग आहे. आत एक जवळजवळ संपूर्ण अवयव मोडला जात असतो. उंदराच्या मादीपासून पिल्ले वेगळी केली, तर साधारण आठवडाभरात तिच्या स्तनग्रंथीतील दूध तयार करणाऱ्या पेशींपैकी सुमारे ८० टक्के पेशी मरून नाहीशा होतात, त्यांची जागा मेदपेशी व्यापतात आणि ग्रंथी बरीचशी गर्भारपणापूर्वीच्या रूपात परत येते. प्रौढ शरीरात इतक्या झपाट्याने इतका पेशीनाश एरवी गंभीर इजा किंवा आजार झाल्यावरच पाहायला मिळतो. येथे मात्र व्रण उरत नाही आणि अवयव निकामीही होत नाही. पुढच्या गर्भारपणात तीच ग्रंथी पुन्हा उभी राहते आणि दूध देऊ लागते. या माघारीला जीवशास्त्रात ‘इन्व्होल्यूशन’ म्हणतात.

या प्रक्रियेत ग्रंथीसमोर एक अवघड प्रश्न असतो. बाळाला दूध प्यायला थोडा उशीर झाला काय किंवा त्याने पिणे कायमचे थांबवले काय, सुरुवातीचे काही तास ग्रंथीला दोन्ही प्रसंग अगदी सारखेच दिसतात, कारण दोन्हींत दूध साचते. पहिल्या प्रसंगी घाईने मोडतोड केली तर पिल्लू उपाशी राहील. दुसऱ्या प्रसंगी काहीच केले नाही तर आईची ऊर्जा वाया जाईल आणि साचलेल्या दुधाने ग्रंथीला अपाय होईल. पेशींमधील संदेशवहनाची पुढे येणारी सगळी गुंतागुंत ‘उशीर’ आणि ‘शेवट’ यांतला फरक ओळखण्यासाठी उभी आहे, असे मानले की ती समजायला बरीच सोपी जाते.

आधी ग्रंथीची रचना पाहू. दूध देणाऱ्या ग्रंथीत कूपिका नावाचे असंख्य पोकळ, गोलसर कप्पे असतात. प्रत्येक कूपिकेला आतून दूध स्रवणाऱ्या पेशींचा एकेरी थर असतो, त्याभोवती आकुंचन पावणाऱ्या पेशींचे जाळे असते आणि या सर्वांना बाहेरून प्रथिनांचे एक पातळ आधारपटल धरून ठेवते. बाळ ओढू लागले की मेंदूतून ऑक्सिटोसिन हे संप्रेरक सुटते, बाहेरच्या पेशी आकुंचन पावतात आणि पान्हा फुटतो. बाळाच्या ओढण्यानेच प्रोलॅक्टिन हे दुसरे संप्रेरकही वाढते, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने तेच अधिक महत्त्वाचे आहे.

प्रोलॅक्टिन पेशीच्या आत शिरत नाही. ते पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राही प्रथिनाला बाहेरून चिकटते. त्यामुळे ग्राहीच्या आतल्या बाजूला जोडलेले जॅक-२ हे विकर (एन्झाइम) जागे होते आणि ते स्टॅट-५ नावाच्या प्रथिनावर एक फॉस्फेट चढवते. फॉस्फेट चढलेले स्टॅट-५ जोडीजोडीने पेशीकेंद्रात जाते, डीएनएवर ठरावीक ठिकाणी बसते आणि केसीनसारख्या दुधातील प्रथिनांची जनुके चालू ठेवते. याच्या जोडीला आयजीएफ-१ हा वाढघटक पीआय-३ कायनेज आणि एकेटी या विकरांमार्फत पेशीला जिवंत राहण्याचा संदेश सतत देत असतो. दूध देणाऱ्या पेशीचे जगणे असे रोजच्या रोज मिळणाऱ्या संदेशांवर अवलंबून असते. ते थांबले तर टिकून राहण्याची तिची स्वतःची फारशी तयारी नसते.

दूध तुटते तेव्हा दोन गोष्टी एकदम घडतात. ग्रंथीत दूध साचते आणि ओढणे बंद झाल्यामुळे रक्तातील प्रोलॅक्टिनची पातळी उतरते. यांपैकी माघारीची खरी सुरुवात कोण करते, हे नुसत्या निरीक्षणातून कळणे शक्य नव्हते. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाने ही गुंतागुंत मोठ्या चतुराईने सोडवली. संशोधकांनी दूध पाजणाऱ्या उंदीर मादीची काही स्तनाग्रे बंद केली आणि उरलेली मोकळी ठेवली. पिल्ले मोकळ्या स्तनाग्रांना ओढत राहिल्यामुळे संप्रेरके सर्व ग्रंथींना सारखीच मिळत होती, तरीही बंद केलेल्या ग्रंथींमध्ये पेशी मरू लागल्या आणि शेजारच्या ग्रंथी दूध देत राहिल्या. म्हणजे पहिला इशारा रक्तातून येत नाही. तो ग्रंथीच्या आतच, साचलेल्या दुधातून निर्माण होतो. मात्र बंद ग्रंथींचे काम अर्ध्यावरच थांबले. पेशी मेल्या, पण ग्रंथीची पूर्ण पुनर्रचना झाली नाही. त्यासाठी सबंध शरीरातील संप्रेरके उतरणे आवश्यक होते. पुढे जे दोन टप्पे आपण पाहणार आहोत, त्यांची सीमारेषा या एकाच प्रयोगात दिसते.

निसर्गातही याचे दाखले आहेत. जी आई एकाच बाजूला पाजते, तिचा दुसरा स्तन आटतो आणि पहिला भरून येत राहतो. कांगारूंमध्ये तर पोटपिशवीतील नवजात पिल्लू एका स्तनाग्राला चिकटलेले असते आणि पिशवीबाहेर हिंडणारे मोठे पिल्लू येऊन दुसऱ्याला पिते. शेजारशेजारच्या दोन ग्रंथी एकाच रक्तावर पोसल्या जात असूनही वेगवेगळ्या घडणीचे दूध देतात.

दूध साचले आहे हे पेशीला कसे कळते, याला एकच उत्तर नाही, आणि हेच स्वाभाविक वाटते. इतका मोठा निर्णय एकाच खुणेवर सोपवणे धोक्याचे ठरले असते. कूपिका फुगल्या की त्यांच्या भिंतीतील पेशी ताणल्या जाऊन चपट्या होतात. दुधात कॅल्शियम सोडणारा पीएमसीए-२ नावाचा पंप या पेशींच्या दुधाकडील बाजूला असतो. दूध साचल्यावर त्याचे प्रमाण झपाट्याने घटते, त्यामुळे कॅल्शियम पेशीतच साठू लागते, आणि वाढलेले कॅल्शियम पेशीला मरणाच्या दिशेने ढकलते. ग्रंथी स्वतः सेरोटोनिनही तयार करते. मेंदूच्या संदर्भात ओळखीचा असलेला हा रेणू साचलेल्या दुधासोबत वाढतो आणि दूधनिर्मितीला लगाम घालतो. शेजारच्या पेशींना एकमेकींशी घट्ट बांधणारे सांधेही सैल होतात, मग रक्ताकडील सोडियम आणि क्लोराइड दुधात झिरपते आणि दुधातील शर्करा उलट दिशेने निसटते. दूध आटत असताना ते खारट लागते, त्याचे कारण हेच.

या सर्व खुणांबरोबर ग्रंथीतील पेशी दोन संदेशवाहक प्रथिने बाहेर सोडतात. एक टीजीएफ-बीटा-३ आणि दुसरे एलआयएफ. यांपैकी एलआयएफ आपल्या ग्राहीला चिकटून आत ज्या प्रथिनावर फॉस्फेट चढवण्यास लावते, ते स्टॅट-३ होय. नाव पाहताच लक्षात येईल की हे स्टॅट-५चे भावंड आहे. दूध तुटल्यानंतरच्या पहिल्याच दिवसात स्टॅट-५ शांत होते आणि स्टॅट-३ जागे होते. दूध देण्याच्या अवस्थेतून माघारीच्या अवस्थेत जाण्याचा क्षण रेणूंच्या पातळीवर दाखवायचा झाला, तर या अदलाबदलीकडेच बोट दाखवावे लागेल. १९९९ साली स्तनग्रंथीतील पेशींपुरते स्टॅट-३चे जनुक काढून टाकलेल्या उंदरांत माघार लक्षणीय लांबली; एलआयएफ नसलेल्या उंदरांतही स्टॅट-३ वेळेवर जागे झाले नाही आणि माघार रेंगाळली.

येथे थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण स्टॅट-३ची ख्याती याच्या नेमकी उलट आहे. बहुतेक ऊतींमध्ये, आणि अनेक कर्करोगांमध्येही, ते पेशींना जगवते आणि वाढवते. प्रयोगशाळेत उंदराच्या भ्रूणातील मूळपेशी ‘तरुण’ ठेवण्यासाठी बशीतील द्रवात जे प्रथिन घालतात तेही एलआयएफच, आणि तेथेही काम स्टॅट-३मार्फतच होते. तेच प्रथिन, तोच मार्ग, आणि परिणाम मात्र परस्परविरुद्ध. शाळेची घंटा एकच असते, पण ती सकाळी वाजली तर मुले वर्गात शिरतात आणि संध्याकाळी वाजली तर घरी पळतात. संदेशाचा अर्थ घंटेत नसतो, ऐकणारा कोणत्या वेळेला उभा आहे यात असतो. संदेशवहनावरील लोकप्रिय लेखनात ‘अमुक प्रथिन म्हणजे मृत्यूचे’ आणि ‘तमुक प्रथिन म्हणजे वाढीचे’ अशी लेबले सर्रास लावली जातात. स्टॅट-३चे उदाहरण अशा लेबलांपासून सावध राहण्यास पुरेसे आहे.

दूध देणाऱ्या पेशीत जागे झालेले स्टॅट-३ सर्वप्रथम तिचे जगण्याचे संदेश तोडते. पीआय-३ कायनेजच्या नियंत्रक भागाची दोन आखूड रूपे ते वाढवते, ज्यामुळे एकेटीकडे जाणारा संदेश मंदावतो. माघारीच्या काळात आयजीएफबीपी-५ हे प्रथिनही मोठ्या प्रमाणात तयार होते. ते आयजीएफ-१ला पकडून ठेवते, आणि त्यामुळे वाढघटक जवळ असूनही पेशीला मिळत नाही. याच वेळी सॉक्स-३ हे प्रथिन स्टॅट-३ला आवर घालत असते. ज्या उंदरांच्या स्तनग्रंथीत सॉक्स-३ नव्हते, त्यांच्यात माघार नेहमीपेक्षा वेगाने झाली. मरण आणणाऱ्या यंत्रणेलाच तिचा वेग रोखणारे प्रथिन जोडलेले असावे, ही रचना पाहण्याजोगी आहे.

यापुढील भाग मला या सबंध विषयातील सर्वांत विलक्षण वाटतो. नियोजित पेशीमृत्यू म्हटले की जीवशास्त्राचे विद्यार्थी ॲपॉप्टोसिसचे आणि तो घडवणाऱ्या कॅस्पेस विकरांचे नाव घेतात, आणि स्तनग्रंथीतही तसेच घडत असणार असे बराच काळ गृहीत धरले गेले होते. २०११ साली केंब्रिजमधील संशोधकांनी दाखवले की पहिल्या टप्प्यातील मृत्यूला शेवटचा घाव घालणाऱ्या कॅस्पेस विकरांची गरजच लागत नाही. पेशी तेथे आपल्याच लायसोसोममुळे, म्हणजे पाठ्यपुस्तकातील लयकारिकांमुळे, मरते. लयकारिका म्हणजे पेशीतील नको असलेले पदार्थ पचवणाऱ्या विकरांच्या बंद पिशव्या. स्टॅट-३ या पिशव्यांमधील कॅथेप्सिन बी आणि कॅथेप्सिन एल ही प्रथिने फोडणारी विकरे वाढवते आणि त्यांना रोखणारे एक प्रथिन कमी करते. मग पिशव्यांची पटले गळू लागतात, विकरे पेशीद्रवात येतात आणि पेशी आतून पचते.

पिशव्या गळतात कशामुळे, याचा उलगडा त्याच चमूने २०१४ साली केला. दुधातील चरबी बारीक गोलकांच्या रूपात असते. दूध साचले की स्टॅट-३च्या प्रभावाखाली पेशी स्वतःच स्रवलेले हे गोलक पुन्हा गिळू लागतात. लयकारिकांमध्ये त्या चरबीचे विघटन होऊन ओलेइक आम्लासारखी मेदाम्ले सुटतात आणि तीच पटलाला भोके पाडतात. ज्या चरबीच्या निर्मितीसाठी ही पेशी घडली होती, तीच चरबी तिचा अंत करते. यात एक हिशेबही दडलेला आहे. बाळ दूध पीत असते तोपर्यंत गिळण्याजोगे गोलक साचतच नाहीत; म्हणजे मृत्यूचे साधन तयार होण्यासाठी दूध खरोखरच पडून राहावे लागते.

मेलेल्या पेशी कूपिकेच्या पोकळीत गळून पडतात. त्या तशाच फुटल्या तर त्यांतील विकरे सांडून सभोवती दाह भडकेल. म्हणून शेजारच्या जिवंत पेशी, ज्या कालपर्यंत दूध स्रवत होत्या, भक्षक पेशींचे काम अंगावर घेतात. मरणाऱ्या पेशीच्या पृष्ठभागावर फॉस्फॅटिडिलसेरीन हा एरवी आत दडलेला रेणू उघडा पडतो. एमएफजी-ई८ नावाचे प्रथिन एका टोकाने त्याला आणि दुसऱ्या टोकाने भक्षण करणाऱ्या पेशीला धरते. हे प्रथिन दुधातील चरबीच्या गोलकांवरही मुबलक असते. ते नसलेल्या उंदरांत मृत पेशींचा कचरा साठून राहतो आणि दाह होतो.

उंदरात हे सगळे पहिल्या दोन दिवसांत घडते, आणि हा काळ परतीचा आहे. ४८ तासांच्या आत पिल्ले परत आणली तर साचलेले दूध उपसले जाते, पेशी मरण्याचे थांबते आणि ग्रंथी पुन्हा दूध देऊ लागते. पेशी मरत असल्या तरी कूपिकेचा सांगाडा, आधारपटल आणि आजूबाजूची ऊती या काळात शाबूत असते. ‘उशीर’ की ‘शेवट’ या प्रश्नाला दिलेले हे उत्तर आहे: थोडे नुकसान सोसायचे, पण मूळ रचनेला हात लावायचा नाही. प्रयोगशाळेत पिल्ले एकदम हटवली जातात, जेणेकरून सर्व पेशींची घड्याळे एकाच वेळी चालू होतील. निसर्गात दूध हळूहळू सुटते आणि हे टप्पे एकमेकांत मिसळतात, याचे भान ठेवावे लागते.

प्रत्येक प्राण्यात ही मुदत मात्र इतकी छोटी नसते. दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील केप फर सील या प्राण्याची मादी पिल्लाला किनाऱ्यावर ठेवून शिकारीसाठी समुद्रात जाते आणि कधीकधी तीन आठवड्यांपर्यंत परतत नाही, तरीही तिची ग्रंथी मोडत नाही आणि परतल्यावर ती पुन्हा पाजू लागते. तिच्या दुधात अल्फा-लॅक्टाल्ब्युमिन हे प्रथिन नसते आणि त्याच्या अभावाचा पेशी न मरण्याशी संबंध असावा, असा एक तर्क मांडला गेला आहे.

दुसऱ्या टप्प्यात परतीची वाट बंद होते. पहिल्या टप्प्यात प्रथिनांचे सांगाडे कापणारी मेटॅलोप्रोटिनेज विकरे टिम्प नावाच्या रोधकांच्या ताब्यात असतात. दोन दिवसांनंतर हा तोल फिरतो, मेटॅलोप्रोटिनेज आणि प्लाझ्मिन हे प्रथिने कापणारे आणखी एक विकर मोकळी होतात आणि आधारपटल कापले जाऊ लागते. दूध देणारी पेशी इंटिग्रिन या प्रथिनांच्या साहाय्याने आधारपटलाला धरून असते, आणि ती पकड हाही जगण्याचा एक संदेश असतो. पटलच नाहीसे झाले की उरलेल्या पेशीही मरतात. टिम्प-३ हा रोधक नसलेल्या उंदरांत माघार लवकर सुरू होते आणि पिल्ले परत आणूनही ती मागे फिरवता येत नाही. रक्तातील संप्रेरकांचा अधिकार चालतो तो याच टप्प्यावर. १९९६ सालच्या एका अभ्यासात उंदरांना हायड्रोकॉर्टिसोन हे संप्रेरक दिल्यावर पहिला टप्पा नेहमीप्रमाणे झाला, पण विकरांवर अवलंबून असलेला दुसरा टप्पा रोखला गेला. एलआयएफची जागा या काळात ऑन्कोस्टॅटिन-एम हे त्याच कुळातील प्रथिन घेते आणि स्टॅट-३ला जागे ठेवते.

आता रोगप्रतिकारक पेशींचीही गर्दी होते. मॅक्रोफेज, म्हणजे महाभक्षी पेशी, मोठ्या संख्येने येतात; पण त्या जंतूंशी लढणाऱ्या आक्रमक प्रकारापेक्षा जखम भरून आणणाऱ्या प्रकाराच्या अधिक असतात. त्या कचरा उचलतात आणि कोलॅजेनच्या तंतूंची नवी मांडणी करण्यास हातभार लावतात. त्यांना आधीच नष्ट केले तर माघार नीट होत नाही.

मेदपेशींची कहाणी त्याहून अनपेक्षित आहे. दूध देण्याच्या काळात ग्रंथीतील मेद जवळजवळ दिसेनासा होतो आणि माघारीनंतर पुन्हा भरून येतो, हे फार पूर्वीपासून माहीत होते, पण त्या पेशी जातात कोठे हे स्पष्ट नव्हते. २०१८ साली उंदरांवर झालेल्या अभ्यासांतून दिसले की त्या मरत नाहीत. आपली चरबी रिकामी करून त्या आकसतात, काही तर आपली मेदपेशी ही ओळखच सोडून पूर्वावस्थेतील पेशींसारख्या होतात, आणि दूध तुटल्यावर पुन्हा चरबी भरून फुगतात. विरघळणाऱ्या कूपिकांमधील दुधाची चरबी शोषून घेण्यासाठी त्या आयत्या जागेवर हजर असतात.

जखम भरण्याशी असलेल्या या साधर्म्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, आणि ती सांगताना शब्द जपून वापरले पाहिजेत. कापणारी विकरे, नवे कोलॅजेन, महाभक्षी पेशी आणि मंद दाह असा परिसर कर्करोगाच्या गाठीतील पेशींनाही मानवतो. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मानवी स्तनाच्या सुरुवातीच्या अवस्थेतील कर्कपेशी माघार घेणाऱ्या उंदीर-ग्रंथीत सोडल्या असता त्या अधिक आक्रमकपणे पसरल्या, आणि दाहशामक औषधाने तो परिणाम कमी झाला. स्त्रियांच्या १५ मोठ्या पाहण्यांच्या २०१९ सालच्या एकत्रित विश्लेषणानुसार, मूल न झालेल्या स्त्रियांच्या तुलनेत स्तनाच्या कर्करोगाचा धोका बाळंतपणानंतर काही काळ वाढलेला असतो, सुमारे पाच वर्षांनी तो सर्वाधिक होतो आणि साधारण २४ वर्षांनी उलट कमी होऊ लागतो. तरुण वयात हा कर्करोग मुळातच विरळा असल्यामुळे प्रत्यक्षातील वाढ लहान असते. स्तनपानाबद्दल यावरून भीती बाळगणे चुकीचे ठरेल. ३० देशांतील ४७ अभ्यासांच्या २००२ सालच्या विश्लेषणात स्तनपानाच्या प्रत्येक १२ महिन्यांमागे हा धोका ४.३ टक्क्यांनी घटलेला आढळला होता. उंदरांवरील प्रयोगाच्या आधारे कोणी स्वतःहून दाहशामक गोळ्या घेऊ नयेत, हे वेगळे सांगायला नको.

उंदरात जे आठवड्यात उरकते त्याला माणसात पुष्कळ अधिक काळ लागतो. निरोगी स्तनांतून घेतलेल्या ऊतींच्या तपासणीत दूध देणाऱ्या खंडिका (कूपिकांचे गट) बाळंतपणानंतर साधारण १८ महिन्यांत पूर्वीच्या आकाराला आल्याचे दिसले आहे. दुभत्या गाईंमध्ये चित्र आणखी निराळे असते. त्यांना आटवले जाते तेव्हा त्या बहुधा पुन्हा गाभण असतात; त्यामुळे भाकड काळात मोडणारे आणि घडवणारे संदेश कासेत एकाच वेळी पोहोचतात, कूपिका पुष्कळशा टिकून राहतात आणि जुन्या पेशींच्या जागी नव्या येतात. उंदरावरून काढलेले निष्कर्ष गाईला जसेच्या तसे लावता येत नाहीत, ते यामुळे.

माघार पुरी झाल्यावरही ग्रंथी अगदी मूळ पदावर येत नाही. एकदा दूध देऊन गेलेल्या उंदराच्या ग्रंथीतील पेशींचा डीएनए तपासला असता त्यावरील काही मिथाइल खुणा, म्हणजे जनुके बहुधा बंद ठेवणाऱ्या रासायनिक खुणा, पुसल्या गेल्याचे २०१५ साली आढळले, आणि त्या जागांमध्ये स्टॅट-५ जेथे बसते त्या जागांचे प्रमाण लक्षणीय होते. अशा ग्रंथीला गर्भारपणाची संप्रेरके दुसऱ्यांदा मिळतात तेव्हा ती पहिल्या खेपेपेक्षा लवकर कूपिका घडवू लागते आणि दुधाची जनुके लवकर चालू करते.